घरच्या बिअरचा गॅस: गोव्याच्या उकाड्यातला हिशोब

बाटलीतल्या बिअरला गॅस चढवायचा म्हटलं की बहुतेकजण पहिलं विचारतात, साखर किती घालू? कोणी हा प्रश्न घेऊन आलं की मी आधी दोन उलट प्रश्न विचारते. बिअर आंबायची पूर्ण थांबली, हे कशावरून? आणि थांबल्यानंतर ती किती गरम जागी राहिली? ह्या दोन्हींची उत्तरं पक्की असली तर साखरेचा हिशोब पाच मिनिटांत कागदावर होतो. ती नसली तर कितीही बारीक काट्यावर साखर तोला, एक खेप पाणचट निघेल आणि दुसरीत बाटल्या फुटतील.

मी फोंड्याला राहते आणि वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. माझा दिवस वजनं, तापमानं आणि नोंदी ह्यांतच जातो, त्यामुळे घरी बिअर करायला लागल्यावर लक्ष आपोआप आकड्यांकडे गेलं. घरगुती बिअरचे बहुतेक तक्ते थंड देशांत तयार झालेले आहेत. त्यांची खोली म्हणजे १८ ते २० अंश सेल्सिअस. आमच्या घरातली खोली पावसात २७-२८, मे महिन्यात ३२च्या घरात आणि डिसेंबरच्या पहाटे कधीतरी विशीच्या आसपास. ह्या फरकाने तीन ठिकाणी आकडे हलतात: बिअरमध्ये आधीपासून उरलेला गॅस, हायड्रोमीटरचं (बिअरची घनता मोजायच्या तरंगत्या काचनळीचं) वाचन आणि बंद बाटलीतला दाब. हे तिन्ही सांभाळले तर आपल्या हवेत बिअर फार छान गॅस धरते, आणि तीही थंड देशांपेक्षा लवकर.

सुरू करण्याआधी एक काम करा. घरी बिअर करण्याविषयी अबकारी कायद्याचे नियम आहेत, ते आपल्या तालुक्याच्या अबकारी कचेरीत जाऊन विचारून घ्या.

आता बाटलीत होतं काय, ते पाहू. आंबून झालेल्या बिअरमध्ये यीस्ट जिवंत असतं, पण त्याला खायला काही उरलेलं नसतं. आपण मोजून थोडी साखर देतो आणि झाकण घट्ट दाबतो. यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. गॅसला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून दाब वाढतो आणि गॅस बिअरमध्ये विरघळतो. अल्कोहोल ह्यामुळे अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाढतं, त्याची चिंता नको.

विरघळलेल्या गॅसचं माप ‘व्हॉल्यूम’ ह्या एककात सांगतात. १ लिटर बिअरमध्ये १ लिटर गॅस विरघळला असेल (तो लिटर शून्य अंशाला आणि हवेच्या नेहमीच्या दाबाला मोजलेला) तर तो १ व्हॉल्यूम. वजनात जेमतेम २ ग्रॅम. इंग्लिश वळणाची बिटर आणि स्टाउट १.८ ते २.० मध्ये चांगली लागते. पेल एल आणि आयपीए २.४ च्या आसपास, लागर २.५ ते २.७. गव्हाची जर्मन बिअर ३.३ च्या वर जाते आणि काही बेल्जियन बिअर त्याहीपेक्षा पुढे. आपल्याकडे बिअर अगदी गार पितात, आणि गार बिअर गॅस धरून ठेवते, जिभेवर तो कमी जाणवतो. म्हणून हलक्या पेल एलला मी २.५ घेते, स्टाउटला २.०. पहिल्यांदा करणाऱ्याने २.४ धरावेत. नेहमीच्या बिअरच्या बाटलीत मी ३.० च्या वर कधीही जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका. त्याचं कारण बाटल्यांपाशी येईल.

आता पहिला प्रश्न, आंबणं थांबलं का? एअरलॉकमधले (भांड्यातला गॅस पाण्यातून बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे बंद झाले, हा पुरावा नव्हे. झाकण जरा सैल असलं तरी बुडबुडे थांबतात, आणि दुपारी खोली तापली की आंबून संपलेली बिअरही बुडबुडे सोडते. खरा पुरावा हायड्रोमीटरचा, कारण साखर आंबत जाते तसं त्याचं वाचन उतरतं. तीन दिवस लागोपाठ तेच वाचन आलं पाहिजे. मी एक दिवसाआड दोन वाचनं घेते आणि शंका आली तर तिसरं. हे इतकं महत्त्वाचं का, ते आकड्यात सांगते. हायड्रोमीटरवरचा एक पॉइंट, म्हणजे १.०१२ वरून १.०११, बंद बाटलीत साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस करतो. चार पॉइंट आंबायचे राहिले असताना बाटल्या भरल्या तर तुमच्या साखरेच्या वर आणखी २ व्हॉल्यूम चढणार. २.४ धरलेली बिअर ४.४ वर जाईल. तिथे साखरेच्या दोन-तीन ग्रॅमांना काही अर्थ उरत नाही.

हायड्रोमीटर बहुधा २० अंशांना जुळवलेला असतो. ३० अंशांच्या नमुन्यात तो खऱ्यापेक्षा दोन-तीन पॉइंट कमी दाखवतो. वाचन १.०१० आलं तर खरी ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता) १.०१२ च्या पुढे. एरवी ह्याने फार बिघडत नाही, कारण आपल्याला वाचन बदलतंय की नाही एवढंच बघायचं आहे. पण एक वाचन फ्रिजमधून काढलेल्या नमुन्याचं आणि दुसरं दुपारच्या तापलेल्या नमुन्याचं असेल तर ती तुलनाच खोटी ठरते. बिअर जागची हललेली नसतानाही तीन पॉइंट उतरलेले दिसतील. सगळे नमुने एकाच तापमानाला आणा. मी पातेल्यात पाणी घेऊन त्यात नळकांडं उभं करते, नमुना निवेपर्यंत थांबते, आणि नमुना दोन भांड्यांत चार-पाच वेळा ओतून त्यातला गॅस काढून टाकते. गॅसचे बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटले की तो वर उचलला जातो आणि ग्रॅव्हिटी जास्त दिसते. बुडवल्यावर त्याला बोटांनी एक गिरकी द्या, चिकटलेले बुडबुडे सुटतात.

बिअर शेवटी कुठल्या आकड्यावर थांबणार, हे आधीच कळून घ्यायचीही एक सोय आहे, आणि ती आपल्या हवेत फुकट मिळते. यीस्ट घातल्यावर मुख्य भांड्यातला पावशेर वर्ट (माल्टचा गोड काढा, ज्याची बिअर होते) वेगळ्या स्वच्छ बाटलीत काढायचा, त्यात चिमूटभर जास्तीचं यीस्ट घालायचं, तोंडाला फॉइल सैल गुंडाळायचं आणि ओट्यावर ठेवून येता-जाता हलवायचं. थंड देशांत ह्यासाठी उबेची सोय करावी लागते. आपल्याकडे ओटाच २९ अंशांवर असतो. दोन-तीन दिवसांत तो नमुना तळाला पोहोचतो. त्याची ग्रॅव्हिटी १.०१० आली आणि मोठं भांडं १.०१४ वर अडकलं असलं तर समजायचं, अजून चार पॉइंट शिल्लक आहेत, बाटल्या धुवायची घाई नको. भांडं हलकेच फिरवून तळाचं यीस्ट वर आणायचं आणि जरा उबेत ठेवायचं. चाचणीचा नमुना चाखून फेकून द्या, तो परत भांड्यात घालायचा नाही.

सेझॉन ह्या बेल्जियन बिअरचं यीस्ट वापरणाऱ्यांना एक खास सूचना. बेल सेझॉनसारख्या काही जातींमध्ये अशी क्षमता असते की इतर यीस्ट ज्या लांब साखळ्यांच्या शर्करांना हात लावत नाही, त्याही त्या हळूहळू तोडून खातात. वाचन स्थिर वाटतं, बाटल्या भरून होतात आणि पुढचे कित्येक आठवडे गॅस वाढतच राहतो. अशा बिअरला बाटलीत जाण्याआधी आणखी दोन आठवडे द्या. गोव्यात फ्रिजशिवाय बिअर करायची तर वॉससारखं नॉर्वेचं क्वाइक यीस्ट मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. ३५ अंशांना ते खुशाल काम करतं आणि लवकर उरकतं. पण लवकर उरकलं म्हणून हायड्रोमीटर चुकवायचा नाही.

दुसरा प्रश्न तापमानाचा. आंबताना भरपूर गॅस तयार होतो, त्यातला बराच निघून जातो, थोडा बिअरमध्येच राहतो. किती राहतो ते तापमानावर ठरतं. १२ अंशांना आंबलेल्या लागरमध्ये साधारण १.१ व्हॉल्यूम, २० अंशांच्या एलमध्ये ०.८५ च्या आसपास, आणि आपल्या २८ अंशांच्या खोलीत सुमारे ०.७. इथे बिअर आंबणं संपल्यानंतर ज्या सर्वांत जास्त तापमानाला गेली तो आकडा धरायचा. बाटल्या भरताना असलेलं तापमान कामाचं नाही. बिअर निवळावी म्हणून शेवटचे दोन दिवस भांडं फ्रिजमध्ये ठेवलं आणि बाटल्या भरताना ती ५ अंशांवर असली, तर अनेकजण हिशोबात ५ टाकतात. गणित सांगतं की दीड व्हॉल्यूमच्या आसपास गॅस आधीच आहे, साखर थोडीच घाला. आणि बिअर मरगळलेली निघते. थंड केल्याने गेलेला गॅस परत येत नाही. तो तयार करणारं यीस्ट तर आधीच थांबलेलं असतं. २८ अंशांना गॅस गेला, तेव्हा धरायचे २८.

आता साखर. नेहमीची साखर दर लिटरला ३.८ ग्रॅम घातली की १ व्हॉल्यूम गॅस होतो. हवा असलेला आकडा घ्या, त्यातून उरलेला गॅस वजा करा, ३.८ ने गुणा. २.४ वजा ०.७ म्हणजे १.७, गुणिले ३.८ म्हणजे लिटरला ६.५ ग्रॅम. २.० साठी हाच हिशोब ५ ग्रॅमवर येतो, २.७ साठी ७.६ वर. १० लिटरला २.४ चे ६५ ग्रॅम. एवढंच गणित.

लिटर मात्र खरे मोजा. रेसिपी १० लिटरची असली तरी तळाचा गाळ सोडून बादलीत ९ लिटरच उतरते. १० लिटरची साखर ९ लिटरला घातली तर जवळजवळ ०.२ व्हॉल्यूम वाढले. आमच्या बादलीवर मी आतून मोजून बाहेर कायमच्या मार्करने लिटरच्या रेघा मारून ठेवल्या आहेत. आणि साखर वजनानेच घ्यायची, चमच्याने कधीच नाही. बारीक साखरेचा आणि जाड साखरेचा चमचा सारखा भरत नाही. दहाव्या भागापर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा फार महाग नसतो आणि तो घेतल्याचा कधी पश्चात्ताप होणार नाही.

किराण्याची पांढरी साखर ह्या कामाला उत्तम. तिने बिअरला सायडरसारखी चव येते असं सांगणारे भेटतात, पण लिटरला सहा-सात ग्रॅमांनी तसं काही होत नाही. डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची पूड) वापरायचं असेल तर साधारण दहा टक्के जास्त घ्या. डबा उघडा राहिला तर आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमटात ते ओल धरतं आणि काट्यावर पाण्याचं वजन येतं, म्हणून कोरड्या बरणीत ठेवा. माडाच्या काळ्या गुळाचा मोह गोव्यात कोणालाही होईल, मलाही होतो. पोर्टरमध्ये त्याचा धुरकट गोडवा सुरेख उतरतो. पण ढेपेगणिक त्यातलं पाणी बदलतं, म्हणून गॅस नेमका येईल ह्याची खात्री नाही. मी तो साखरेपेक्षा पंधरा टक्के जास्त घेते आणि जिथे थोडं कमी-जास्त चालेल त्या कमी गॅसच्या काळ्या बिअरलाच वापरते.

फळांचं काय? मेमध्ये आंबा आणि कोकम घरात असतात, आणि बाटल्या भरतानाच थोडा रस ढकलावा असं वाटतं. ढकलू नका. आमरसात साधारण १४ टक्के साखर असते. अर्धा किलो रस १० लिटर बिअरमध्ये गेला तर लिटरला ७ ग्रॅम साखर झाली, म्हणजे एका पूर्ण मात्रेएवढी, तुमच्या मोजलेल्या साखरेच्या वर. फळ घालायचं ते भांड्यातच, आणि ते आंबून संपेपर्यंत वाट पाहून, पुन्हा स्थिर वाचनं घेऊन मग बाटल्या.

आता बाटल्या. माझं सगळ्यात जास्त बोलणं ह्यावर असतं, कारण इथे प्रश्न डोळ्यांचा आणि हातांचा आहे. २.४ व्हॉल्यूमची बाटली फ्रिजमध्ये ४ अंशांवर असताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.६-०.७ बारच जास्त असतो (१ बार म्हणजे साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा). तीच बाटली ३० अंशांच्या खोलीत अडीच बारच्या वर जाते. कारच्या टायरमध्ये आपण भरतो त्याहून जास्त दाब, आणि तोही काचेत. मेच्या उन्हात बंद गाडीत राहिली तर आणखी वर. २० अंशांच्या खोलीत तीच बाटली पावणेदोन-दोन बारवर असते. परदेशी माणूस ज्या बाटलीत ३.५ व्हॉल्यूम बिनधास्त ठेवतो ती आपल्या घरात तेवढी बिनधास्त नाही, ती ह्यामुळे.

बाटली बिअरचीच हवी, तपकिरी, ६५० मिलीची किंवा ३३० ची पाइंट. ओळखीच्या बारवाल्याला सांगितलं तर तो क्रेटसकट देतो, आणि क्रेट बाटलीइतकाच कामाचा आहे. फेणीची, वाइनची, व्हिस्कीची बाटली कितीही जाड दिसो, ती आतल्या दाबासाठी केलेली नसते. काजूचा हंगाम संपला की घरोघरी हुर्राकाच्या (काजूच्या पहिल्या उतारीच्या दारूच्या) रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. त्यांत बिअर भरू नका. चौकोनी बाटली तर नकोच, कोपऱ्यांवर ताण येतो. आपल्याकडे बिअरच्या बाटल्या कारखान्यात धुऊन पुन्हा पुन्हा भरल्या जातात, म्हणून हातात आलेली बाटली आधीच बरीच वापरलेली असू शकते. अंगावर घासून पांढरे पडलेले पट्टे ठळक असतील तर सोडा. ओठावरून नख फिरवा. कपची उडालेली असेल तर झाकण बसणार नाही आणि काचेचा कणही आत जाऊ शकतो. उजेडासमोर धरून तडा पाहा. पिळून उघडायच्या झाकणाची पाइंटही बाजूला ठेवा, तिच्या आट्यांवर साधं क्राउन (दाबून बसवायचं पत्र्याचं) झाकण नीट आवळत नाही. हिरवी बाटली गॅसला चालते, पण उन्हाने हॉप्सची (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची) चव बिघडून उग्र वास येतो, आणि ऊन आपल्याकडे कमी नाही.

धुण्यात लांबड लावत नाही. बाटली रिकामी झाल्या झाल्या विसळा, म्हणजे तळाशी काही वाळत नाही. भरण्याच्या दिवशी ऑक्सिजनवाल्या ब्लीचच्या पाण्यात भिजवा, ब्रश फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि शेवटी स्टार सॅनसारखं न धुता चालणारं निर्जंतुक द्रावण फिरवून उपडी ठेवा. झाकणंही त्याच द्रावणात. उकळतं पाणी गार बाटलीत ओतू नका, तडकते.

मोजलेली साखर पावशेर पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि झाकून निवू द्या. हा पाक नळ असलेल्या स्वच्छ बादलीत आधी ओतायचा. मग सायफनची नळी बादलीच्या तळाशी गोल लावून बिअर त्यावर उतरवायची, म्हणजे ती आपोआप फिरत राहते आणि पाक मिसळतो. नळी उंच धरून धार पाडायची नाही. बिअरमध्ये हवा मिसळली की ओल्या पुठ्ठ्याची चव येते, आणि आपल्या उकाड्यात ती फार लवकर येते. अर्धी बादली भरल्यावर आणि पूर्ण उतरल्यावर, दोन्ही वेळा निर्जंतुक केलेल्या लांब चमच्याने सावकाश ढवळा. एकाच खेपेत एक बाटली सपक आणि दुसरी फसफसणारी निघते, त्याचं कारण बहुतेक वेळा हे चुकलेलं ढवळणंच असतं. दोन-चारच बाटल्या करायच्या असतील तर थेट बाटलीत साखर चालते: २.४ साठी ६५० मिलीला ४.२ ग्रॅम, ३३० ला २.१. कोरड्या फनेलने साखर आधी घाला, बिअर नंतर. बिअर आधी असली तर दाण्यांवर गॅस सुटून ती उसळते.

तोंडापासून अडीच-तीन सेंटिमीटर रिकामी जागा सोडा. झाकण दाबल्यावर बाटली आडवी करून कडेला थेंब येतो का ते बघा आणि झाकण बोटांनी फिरवून बघा. फिरलं तर पुन्हा दाबा.

प्रत्येक खेपेत एक बाटली मी प्लास्टिकची भरते, कोल्ड्रिंकची. पाण्याची पातळ बाटली नको, ती दाबासाठी नसते. भरल्यावर ती दाबून आतली हवा काढायची आणि पोचट अवस्थेतच झाकण लावायचं. दोन-तीन दिवसांत ती फुगून सरळ होते, मग दिवसेंदिवस टणक. शेजारी न उघडलेली कोल्ड्रिंकची बाटली ठेवून दोन्ही दाबून बघितल्या की काचेच्या आत काय चाललं आहे ते हाताला कळतं. चौथ्याच दिवशी ती दगडासारखी लागली तर काहीतरी जास्त आहे, आणि काचेच्या बाटल्या त्याच क्षणी फ्रिजमध्ये हलवता येतात. प्लास्टिकमधून हवा हळूहळू आत शिरते, म्हणून ही बाटली सगळ्यांत आधी पिऊन टाका.

काचेच्या बाटल्या क्रेटमध्ये, क्रेटवर जुनी गोधडी, आणि क्रेट अशा जागी जिथे मुलं किंवा मांजर जात नाही आणि ऊन पोचत नाही. आमच्याकडे मधल्या खोलीतला कोबा बारा महिने गार असतो, तिथे. गच्ची, पत्र्याची शेड, गाडीची डिकी ह्या जागा वर्ज्य. २७ ते ३० अंशांना सात ते दहा दिवस पुरतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारवा पडला की दोन आठवडे धरा. सातव्या दिवशी एक बाटली फ्रिजमध्ये पूर्ण एक दिवस ठेवा, दोन ठेवलीत तर अधिक चांगलं, आणि मग उघडा. खोलीच्या तापमानाची बाटली उघडून निर्णय करू नका. गरम बाटलीत बराच गॅस वरच्या मोकळ्या जागेत असतो, उघडताच मोठा आवाज होतो आणि ग्लासात मात्र काही उरत नाही. गार झाल्यावर तो बिअरमध्ये उतरतो आणि बुडबुडे बारीक होतात.

गॅस बरोबर वाटला की जागा असेल तेवढ्या सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. थंड देशातले लोक बिअर महिनोन्‌महिने खोलीत मुरवतात. आपल्या खोलीत हॉप्सचा वास महिन्याभरात उतरतो. पावसात वीज गेली आणि फ्रिज काही तास बंद राहिला तर घाबरू नका. दाब चढतो आणि गार झाल्यावर उतरतो. साखर हिशोबात असेल तर बाटली तेवढं सहन करते. झाकणांच्या कडा मात्र पुसून कोरड्या ठेवा, पावसाळ्यात त्या गंजतात.

काही बिघडलंच तर बिघाडाची तऱ्हा कारण सांगते. सगळ्याच बाटल्या सुरुवातीपासून सारख्याच उसळत असतील तर आंबणं अर्धवट होतं किंवा साखर जास्त झाली. मोजक्याच बाटल्या उसळत असतील आणि त्यांची चव पातळ, आंबूस असेल तर त्या नीट धुतल्या गेल्या नव्हत्या; मानेशी आतून कडं दिसलं तर खात्रीच. आधी ठीक असलेल्या बाटल्या खोलीत ठेवल्यावर आठवड्या-आठवड्याला जास्त उसळू लागल्या तर जंतू सगळ्या खेपेत शिरला आहे, किंवा यीस्ट सेझॉनच्या जातीचं आहे. काही सपक आणि काही फसफसणाऱ्या निघाल्या, तर ढवळणं कमी पडलं. सगळ्याच सपक असतील तर आधी वाट बघा. बाटल्या वेळेआधी फ्रिजमध्ये गेल्या असतील तर बाहेर काढून हलक्या हाताने उलट-सुलट करा, म्हणजे तळाचं यीस्ट उठेल, आणि आठवडाभर ठेवा. बिअर नऊ टक्क्यांच्या पुढची असेल किंवा भांड्यात महिनोन्‌महिने निवळत राहिली असेल तर यीस्ट थकलेलं असतं. अशा बिअरला बाटल्या भरतानाच १० लिटरला १ ग्रॅम ताजं कोरडं यीस्ट कोमट पाण्यात भिजवून द्यावं.

आणि गॅस खरोखरच जास्त झाला असेल, प्लास्टिकची बाटली टणक होऊन तळ बाहेर आला असेल किंवा एखादी काच फुटली असेल, तर क्रेटला दुपारी हात लावू नका. पहाटे, खोली सर्वांत गार असताना, डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि गोधडी तशीच वर ठेवून क्रेट उचला. बाटल्या फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात दोन दिवस राहू द्या. मग एकेक काढून, ओपनरने झाकणाची कड किंचित उचला, फुस्स आवाज येऊ लागला की थांबा, फेस मानेपर्यंत चढला की सोडून द्या. फेस बसल्यावर पुन्हा. दोन-तीनदा असं करून नवं झाकण दाबा आणि बाटली लगेच परत फ्रिजमध्ये. फुटलेल्या बाटलीच्या शेजारच्या बाटल्या उजेडात बघून तडा दिसला तर ती बाटली न उघडता जाड कापडात गुंडाळून टाकून द्या. बाकीच्या आठवडाभरात संपवा आणि तोवर त्या फ्रिजच्या बाहेर ठेवू नका.